साबण, सर्फ आणि खारपाणपट्टा

वॉशिंग मशीनला कोणती पावडर घ्यावी? अकोल्यात यावर आधी उलट विचारावं लागतं, पाणी कुठलं? काटेपूर्णेचं नळाचं, की बोअरचं?

शहराच्या उत्तरेला पूर्णेच्या दोन्ही काठांनी खारपाणपट्टा पसरलाय. तिथल्या पाण्यात डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही. पाण्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम साबणाला धरतं, चिकट साका बनतो आणि पांढरं धोतर करडं पडतं. गृहिणीचा यात काही दोष नाही, पण बोलणी तिनेच खाल्ली!

डिटर्जंटचा असा साका होत नाही. हिंदुस्तान लिव्हरने १९५९ साली सर्फ आणला, पण तो होता महाग. १९६९ मध्ये अहमदाबादच्या करसनभाई पटेलांनी स्वस्त निरमा काढला. लोक त्या जाहिरातीच्या गाण्याला श्रेय देतात... आमच्या भागापुरतं म्हणाल तर मी ते खाऱ्या पाण्याला देईन.

तेव्हापासून भरपूर फेस म्हणजे स्वच्छ कपडे, हे डोक्यात बसलं ते बसलंच. सेमी-ऑटोमॅटिक किंवा टॉप-लोडमध्ये ते खपून जातं. फ्रंट-लोडमध्ये मात्र कपडे वरून खाली आपटतात (आपला धोबीघाटच की!) आणि फेसाची गादी झाली की आपटणंच थांबतं. म्हणून तिथे कमी फेसाची पावडर. बोअरच्या पाण्याला तीच थोडी जास्त घालायची, आणि गरम पाण्याचा प्रोग्रॅम शक्यतो टाळायचा, कारण क्षार हीटरवरच जाऊन बसतात.