नळ, चुना आणि निगा



आमच्या लहानपणी घरात तांब्याचा बंब होता. विहिरीचे पाणी जड; डाळ लवकर शिजायची नाही, साबणाला फेस धरायचा नाही. दिवाळी आठ दिवसांवर आली, की आई बंब अंगणात काढी आणि आतले पांढरे पुट चिंचेच्या कोळाने भिजवून खरवडी. एका वर्षी घरात आजारपण निघाले आणि हे काम राहून गेले. मग ऐन थंडीत बंबाची तोटी बंद पडली. तांबटाने ती काढून दाखवली. बोटभर रुंद नळीत काडी जाईल एवढेच भोक उरले होते. "पाण्याने दगड घातला बघा," एवढेच तो म्हणाला.

पुढे मी इतिहास शिकवू लागलो, तेव्हा ध्यानात आले की तांबटाचे हे बोलणे दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोमन कारागिराला तंतोतंत पटले असते.

हा दगड येतो कुठून, ते आधी पाहू. पावसाचे पाणी हवेतला आणि मातीतला कर्बवायू घेऊन जमिनीत मुरते. वाटेत चुनखडी लागली, की तिला विरघळवत पुढे जाते. असे पाणी दिसायला नितळ, पण पोटात चुना बाळगणारे. शाळेच्या पुस्तकात त्याला दुष्फेन पाणी म्हणतात. ते तापले, किंवा वाहता वाहता त्यातला वायू उडून गेला, की विरघळलेला चुना पुन्हा घट्ट होऊन भांड्याला नि नळाला चिकटतो.

आता फ्रान्सच्या दक्षिणेकडील नीम या शहरात चला. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमनांनी या शहरासाठी सुमारे ५० किलोमीटर लांबीचा पाट बांधला. एवढ्या लांबीत एकूण उतार जेमतेम साडेबारा मीटर! वाटेतली नदी ओलांडण्यासाठी उभारलेला, तीन मजली कमानींचा, ४९ मीटर उंच पूल आजही उभा आहे. 'पाँ द्यु गार' हे त्याचे नाव. पण त्या झऱ्याचे पाणी चुन्याचे होते. वर्षावर्षाला पाटाच्या भिंतींवर थर चढत गेला आणि काही ठिकाणी तो जवळजवळ अर्धा मीटर जाड झाला. चौथ्या शतकानंतर साम्राज्य खिळखिळे झाले, देखभाल ढिली पडली, आणि सहाव्या शतकाच्या सुमारास पाट निकामी झाला. कमानी शाबूत राहिल्या, पण पाण्याची वाट बुजली. जर्मनीतील कोलोन शहराच्या रोमन पाटातही असाच थर साचला होता. मध्ययुगात लोकांनी तो कापून काढला, घासून गुळगुळीत केला आणि संगमरवर म्हणून चर्चच्या बांधकामात वापरला!

मग रोमनांना हे कळत नव्हते का? चांगले कळत होते. इ. स. ९७ मध्ये सम्राट नेर्वाने फ्राँटिनस नावाच्या गृहस्थाला रोमच्या पाणीपुरवठ्याचा प्रमुख नेमले. हा माणूस पूर्वी ब्रिटनचा सुभेदार होता. नव्या कामाची माहिती करून घ्यावी म्हणून त्याने एक ग्रंथच लिहिला. पाण्यातला गाळ साचून त्याचे कठीण कवच बनते आणि पाण्याची वाट अरुंद होते, हे त्यात स्वच्छ लिहिले आहे. देखभालीसाठी ७०० गुलामांची पथके होती. दुरुस्ती कडक उन्हाळ्यात काढू नये, कारण तेव्हाच लोकांना पाण्याची गरज जास्त, असेही तो बजावतो. यात गंमत अशी, की फ्रान्समधील काओर येथील रोमन पाटाच्या थरांचा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. थरांत खरवडल्याच्या खुणा सापडल्या. दर एक ते पाच वर्षांनी, उन्हाळा टाळून, थोडक्या दिवसांत सफाई होत असे, असे त्यावरून दिसते. फ्राँटिनसने लिहिलेली रीत दगडावर उमटलेली मिळाली!

घरोघरचे नळ तेव्हा बहुधा शिशाचे असत. शिशाला लॅटिनमध्ये 'प्लंबम' म्हणतात. आपला 'प्लंबर' हा शब्द त्यातूनच आला. शिशाचे पाणी प्रकृतीला बरे नव्हे, मातीच्या नळ्या चांगल्या, असे व्हिट्रुव्हियस या वास्तुविशारदाने तेव्हाच सांगितले होते. मातीची नळी फुटली तर ती कोणालाही दुरुस्त करता येते, हेही त्याने नोंदवले. दुरुस्ती सोपी असावी, हा विचार किती जुना आहे पाहा.

आता आपल्या घराकडे वळू. नळाची धार बारीक झाली, तर तोंडाशी असलेली जाळी काढून रात्रभर लिंबाच्या रसात किंवा व्हिनेगरात भिजवावी. चुना आंबटाला शरण जातो. तेजाब मात्र वापरू नये. ते धातूही खाते. गीझर वापरत असाल, तर तो वर्षातून एकदा वीज बंद करून जाणकाराकडून साफ करून घ्यावा. आतल्या कांडीवर पुट चढले, की वीज जास्त जळते आणि कांडीही लवकर जाते. टाकीखालची चावी वर्षातून दोनदा पुरती फिरवावी, म्हणजे ती जाम होणार नाही. तुरटीने गढूळपणा बसतो, जडपणा जात नाही, हेही लक्षात असू द्या.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, एक प्रयोग वर्गात जरूर करा. एका बाटलीत पावसाचे पाणी घ्या, दुसरीत तेवढेच विहिरीचे. दोन्हींत साध्या साबणाचा सारखा कीस टाकून हलवा. कुठे फेस येतो आणि कुठे साका धरतो, ते मुलांनाच बघू द्या. मग त्यांना नीमच्या पाटाची गोष्ट सांगा.

बांधणाऱ्याचे नाव कमानीवर राहते. खरवडणाऱ्याचे कुठेच राहत नाही. पण शहराला पाणी मिळाले ते दोघांमुळे. दिवाळीआधी बंब घासणारी आमची आई फ्राँटिनसच्या पथकातलीच होती, असे मला आता वाटते.