मंद कोण होतं?

परवा कपाट आवरताना जुन्या सीडींचा गठ्ठा सापडला. एका सीडीवर मार्करनं लिहिलं होतं, ‘नाटक, दिवाळी २००४’. ती हातात घेतली आणि वडशातलं आमचं दोन टेबलांचं डीटीपीचं दुकान आठवलं. त्याबरोबर एक चूकही आठवली. चूक माझीच, पण ती कळायला थोडा इतिहास सांगावा लागेल.

वडसा म्हणजे देसाईगंज, गडचिरोली जिल्ह्यातलं रेल्वेचं गाव आणि झाडीपट्टी रंगभूमीचं मुख्य ठाणं. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या धानाच्या पट्ट्यात दिवाळीपासून गावोगावी रात्रभर नाटकं चालतात. बऱ्याच नाटक मंडळ्यांची ऑफिसं वडशातच. प्रयोग ठरला की पोस्टर आणि पत्रकं हवीत, आणि तीही उद्या सकाळी! पूर्वी हे काम खिळे जुळवून व्हायचं, आणि नटाचा फोटो छापायचा तर ब्लॉक करून आणावा लागे. कॉम्प्युटर आल्यावर मात्र प्रत्येकाला पोस्टरवर आठ-दहा चेहरे, मागे सूर्यास्त आणि नाटकाच्या नावाला आग लागलेली हवी झाली.

आमचं मशीन होतं पेन्टियम ४, रॅम २५६ एमबी. आता हिशेब बघा. डेमी पोस्टर १८ बाय २३ इंच. ते ३०० डीपीआयनं, चार रंगांत केलं की ५४०० गुणिले ६९०० बिंदू आणि दर बिंदूला चार बाइट, म्हणजे साधारण १५० एमबी. हा झाला एकच थर. दुसरा चेहरा वेगळ्या थरावर ठेवला की रॅम संपली. मग फोटोशॉप हार्ड डिस्कवर लिहायला लागायचं आणि पडद्यावर घड्याळ फिरत बसायचं.

आमच्याकडे कुरखेड्याकडचा एक पोरगा ऑपरेटर होता. हात चांगला, बोलणं कमी. एका पोस्टरला त्याला रात्र लागायची आणि मी त्याच्या डोक्यावर उभा. तो म्हणायचा, “भाऊ, मी नाही जी, मशीन तापते. सकाळी बरी चालते, दुपारनंतर दमते.” मला वाटायचं, कामचुकारपणाची कारणं आहेत. तेव्हा भारनियमनाचे दिवस होते. शेजारच्या चंद्रपुरात २३४० मेगावॅटचं वीज केंद्र, आणि आमच्याकडे अंधार! एका रात्री वीज गेली, यूपीएसनं शिट्ट्या मारायला सुरुवात केली, पोरानं सेव्ह दाबलं. पण फाइल सेव्ह होता होता यूपीएस संपला. पोस्टर गेलं आणि गिऱ्हाईकही गेलं. चार लोकांसमोर मी त्याला “मंद” म्हणालो. दुसऱ्या दिवसापासून तो आला नाही.

त्याच्या खुर्चीवर मी बसलो तेव्हा कुठे मशीनची चौकशी सुरू केली. मिळेल ते वाचत गेलो आणि एक गंमत कळली. ही सॉफ्टवेअर मुळात गरीब मशीनवरच जन्मली होती. फोटोशॉप १९९० साली बाजारात आलं. टॉमस आणि जॉन नॉल या भावांनी ते लिहिलं तेव्हा मॅकमध्ये दोन-चार एमबी रॅम म्हणजे खूप झाली. मॅकच्या मूळ प्रणालीत डिस्कला रॅमसारखं वापरायची सोय १९९१ साली आली. फोटोशॉपनं ती आधीच स्वतःपुरती केली होती. ज्या स्क्रॅच डिस्कला मी शिव्या देत होतो, तिच्याविना हे सॉफ्टवेअर चाललंच नसतं. १९८५ साली आलेल्या पेजमेकरच्या घराण्यातली युक्ती अशी, की पानावर चित्राची हलकी प्रत दाखवायची आणि खरी जड प्रत छपाईच्या वेळीच वापरायची. १९८९ च्या पहिल्या कोरलड्रॉत तर नुसत्या रेषांच्या सांगाड्यावर काम करावं लागे, रंग वेगळ्या खिडकीत दिसत.

म्हणजे उपाय त्या सॉफ्टवेअरच्या पोटातच होते. मी पोस्टर १५० डीपीआयवर आणलं, वजन चौथाई झालं आणि भिंतीवर लावल्यावर फरक कुणालाच दिसला नाही. जुळवाजुळव झालेले थर एक केले. हिस्टरीच्या वीस पायऱ्या पाचवर आणल्या. कोरलड्रॉत वायरफ्रेम लावून अक्षरं बसवली, सावल्या शेवटी टाकल्या. शेकड्यांनी भरलेले मराठी फॉन्ट काढून पंधरा ठेवले. स्क्रॅचसाठी डिस्कचा वेगळा भाग रिकामा केला. काम निम्म्या वेळात व्हायला लागलं.

तरीही दुपारनंतर मशीन दमायचंच! शेवटी कॅबिनेट उघडलं. मागे राइस मिल, आणि हंगाम धानाचा. प्रोसेसरवरच्या पंख्याखाली कोंड्याची आणि धुळीची चक्क गादी बसली होती. हा प्रोसेसर फार तापला की जळू नये म्हणून आपला वेग आपणच कमी करतो. ब्रश फिरवला, फुंकर मारली आणि दुपारही सकाळसारखी झाली. खर्च शून्य रुपये.

पोरानं हेच तर सांगितलं होतं. माझ्यासारखं वाचून नव्हे, रोज त्या डब्याशेजारी बसून.

पुढे काही वर्षांनी तो चंद्रपुरात भेटला, स्वतःचं फ्लेक्सचं दुकान होतं. मी कोंड्याची गोष्ट सांगितली आणि माफीही मागितली. तो हसून म्हणाला, “मी तर तवाच सांगत होतो जी भाऊ.” मग चहा पाजला.

आज माझ्या मशीनमध्ये त्या काळच्या बत्तीसपट रॅम आहे आणि तरीही ते कधी कधी रेंगाळतं. तेव्हा मी आधी कॅबिनेट उघडतो. आणि कुणी काम हळू करत असेल, तर त्याला काही बोलण्याआधी त्याच्या खुर्चीवर बसून बघतो. असो.