ज्याचं त्याला

दिवाळीच्या सुमारास आपल्या बीड जिल्ह्यातली कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला निघतात. घरातून शेवटी निघणारा कुलूप लावतो, उसनं आणलेलं ज्याचं त्याला देतो. आजचा विषय या दोनच कामांचा आहे.

पहिलं काम मोजणीचं. मेमरीतली एखादी वस्तू किती जणांनी धरली आहे ते मोजायचं. आकडा शून्य झाला की जागा मोकळी. १९६० मध्ये जॉर्ज कॉलिन्स यांनी ही पद्धत मांडली. तिच्यात एक खोट राहते: दोन वस्तूंनी एकमेकींना धरलं, तर आकडा शून्यावर येतच नाही. त्यासाठी पुढे मोजणीत न धरला जाणारा 'वीक पॉइंटर' आला.

दुसरं काम परतफेडीचं. जागा आपल्या स्वतंत्र 'अलोकेटर'कडून घेतली असेल, तर शेवटच्या धारकाला ती कुणाची हे कसं कळावं? भलत्याकडे परत केली, तर चालता प्रोग्राम कोसळू शकतो. म्हणून सी प्लस प्लसमधलं 'अलोकेट शेअर्ड' आकड्याजवळच अलोकेटरची प्रतही जपून ठेवतं, आणि वस्तू व आकडा सहसा एकाच जागेत बसवतं. शेवटी कुणीही निघो, जागा मूळ ठिकाणीच जाते.

ही सोय त्या भाषेच्या प्रमाणात २०११ साली आली. मोजायला आपण १९६० मध्येच शिकलो होतो. कुणाचं कुणाला द्यायचं, हे प्रमाणात लिहायला आणखी एक्कावन्न वर्षं गेली.