वाट आणि वहिवाट : भिवंडीतील मशिदी, मिरवणुका व धर्मस्वातंत्र्याचा वाद

मशीद या शब्दाचा मूळ अर्थ वास्तू असा नाही. अरबी धातूचा विचार करता ती केवळ माथा टेकण्याची जागा होय. फारसीच्या वाटेने हा शब्द मराठीत आला तेव्हा त्यास भिंती, घुमट व मिनार चिकटले आणि आज मराठी भाषकाच्या मनात मशीद म्हणताच इमारतच उभी राहते. युरोपात अलीकडे मशिदींच्या बांधकामास जो विरोध झाला तो या दुसऱ्या, दृश्य अर्थाशी निगडित आहे. २९ नोव्हेंबर २००९ रोजी स्वित्झर्लंडमध्ये सार्वमत घेऊन नव्या मिनारांना घटनात्मक बंदी घालण्यात आली व सुमारे साडेसत्तावन्न टक्के मतदारांनी तीस अनुकूलता दर्शविली. मशिदीत प्रार्थना करण्यास तेथे कोणी हरकत घेतली नव्हती. हरकत होती ती गावाच्या आकाशरेषेवर उमटणाऱ्या आकृतीस. महाराष्ट्रातील वाद मात्र फार जुना असून त्याची जात निराळी आहे. येथे मशिदीच्या भिंतीपेक्षा तिच्यासमोरील रस्ता हेच भांडणाचे कारण ठरत आले. भिवंडीचा इतिहास या दृष्टीने तपासण्याजोगा आहे.

ठाणे जिल्ह्यातील कामवारी नदीकाठचे हे गाव मध्ययुगात व्यापारी पेठ म्हणून प्रसिद्ध होते. ऑक्टोबर १६५७ मध्ये शिवाजीमहाराजांनी कल्याणबरोबर भिवंडीही घेतली. गावच्या मुसलमान वस्तीचे दोन थर आहेत व ते नीट वेगळे केल्याखेरीज पुढील घटनांचा उलगडा होत नाही. पहिला थर कोकणी मुसलमानांचा. हे लोक जमीनजुमला व भाताचा व्यापार सांभाळून होते. त्यांची घरची बोली मराठी-कोकणी परंपरेतील आहे. दुसरा थर मोमीन विणकरांचा. उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या या कुटुंबांची भाषा उर्दू, व त्यांच्या हातमागांवर आणि पुढे यंत्रमागांवर आजची भिवंडी उभी राहिली. तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर हिंदू असून घरी तेलुगू बोलतात. तात्पर्य, ज्या गावात हिंदू-मुसलमान हा एकच भेद दिसतो असे बाहेरून वाटते, तेथे भाषेच्या सीमा धर्माच्या सीमांशी मुळीच जुळत नाहीत. आगरी शेतकऱ्याची बोली आणि कोकणी मुसलमानाची बोली या दोहोंत जितके साम्य आढळते, तितके साम्य कोकणी व मोमीन या दोन सहधर्मीयांच्या बोलींत नाही. गावचे भांडण भाषेच्या रेषेवर कधी पेटले नाही ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

मशिदीसमोरील वाद्यांचा प्रश्न भिवंडीत निर्माण झाला नाही. तो तेथे उशिरा आला. ऑगस्ट १८९३ मध्ये मुंबईत जुम्मा मशिदीच्या परिसरात दंगल पेटली. त्यानंतरच्या वर्षात येवले व पुणे येथे दंगे झाले. पुण्यात सप्टेंबर १८९४ मध्ये दारूवाला पुलाजवळील मशिदीवरून गणपतीचा मेळा वाजतगाजत नेण्याच्या प्रसंगी तंटा झाला. १८९५ साली धुळ्यात गणपतीच्या मिरवणुकीच्या वेळी गोळीबार झाला व तेथील मशिदीस लोकांनी दिलेले भीषण नाव अद्याप टिकून आहे. या सर्व प्रसंगी सरकारी अधिकाऱ्यांसमोर एकच सवाल असे : या गावात पूर्वीपासून काय चालत आले? ज्या मशिदीपुढे वाद्ये थांबत असत तेथे ती थांबावीत, जेथे थांबत नसत तेथे थांबू नयेत. या पद्धतीस मराठी कागदपत्रांत वहिवाट हा शब्द आहे, आणि तो जमीनमहसुलाच्या व्यवहारातून आलेला आहे. ज्याची वहिवाट त्याचा हक्क, हे शेताच्या बांधास लागू असलेले तत्त्व देवाच्या पालखीस लावण्यात आले.

वहिवाटीचा एक गुण असा की तीत तत्त्वाचा प्रश्न उपस्थित होत नाही. वाद्ये थांबविणारा हिंदू आपला धर्म खोटा आहे असे मान्य करीत नसे, व मशिदीत बसलेला मुसलमान सार्वजनिक रस्त्यावर मालकी सांगत नसे. दोष असा की वहिवाट जुन्या उत्सवांपुरतीच बोलते. नव्या उत्सवास वहिवाट असूच शकत नाही.

न्यायालयांनी या प्रश्नाकडे वेगळ्या अंगाने पाहिले. १९२४ साली प्रिव्ही कौन्सिलने मंझूर हसन विरुद्ध मुहंमद झमान या दाव्यात निर्णय दिला की, सार्वजनिक रस्त्यावरून धार्मिक मिरवणूक योग्य त्या विधींसह नेण्याचा हक्क प्रत्येकास आहे. मात्र तो रहदारीच्या व दंडाधिकाऱ्याच्या कायदेशीर आज्ञांच्या अधीन राहील. या दाव्यातील गमतीची बाब सहसा विसरली जाते. तो हिंदू आणि मुसलमान यांच्यातील नव्हता. संयुक्त प्रांतातील औरंगाबाद नावाच्या गावी शिया पंथीयांना सुन्नी मशिदीजवळ मातम करावयाचा होता व सुन्नींचा त्यास विरोध होता. पुढील काळात मशिदीसमोर वाद्ये वाजविण्याच्या हिंदूंच्या हक्काचा आधार म्हणून जो निवाडा वारंवार पुढे आला, तो अशा रीतीने मुसलमानांच्या मिरवणुकीवर दिलेला निवाडा होय. या निर्णयाने वहिवाटीचे महत्त्व कमी झाले. रस्ता सर्वांचा झाला. आणि रस्ता सर्वांचा होताच, कोणी थांबावे हा प्रश्न शेजारधर्माचा न राहता सत्तेचा झाला.

भारतीय संविधानाने यापुढचे पाऊल टाकले. पंचविसाव्या अनुच्छेदातील हक्क मराठीत सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य व धर्म मुक्तपणे प्रकट करण्याचा, आचरण्याचा व प्रसार करण्याचा हक्क असा दिला जातो. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या अधीन तो ठेवलेला आहे. सदसद्विवेकबुद्धी हा संस्कृत जोडशब्द कोणत्याही मिरवणुकीत ऐकू येत नाही. तो मनातल्या स्वातंत्र्याविषयी बोलतो. भिवंडीतील वाद ज्या शब्दांत झाला ते शब्द मार्ग, घोषणा व गुलाल हे होत. तिन्ही गोष्टी रस्त्यावरच्या आहेत.

भिवंडीत १९६३ पर्यंत मशिदीपुढे वाद्ये थांबविण्याचा प्रघात होता. १९६४ साली सार्वजनिक शिवजयंतीची मिरवणूक प्रथम निघाली आणि तेव्हापासून ताण वाढत गेला. मशिदीजवळ मिरवणूक रेंगाळणे, तेथे घोषणा देणे व मुक्तपणे गुलाल उधळणे याबद्दल मुसलमानांच्या तक्रारी होऊ लागल्या. उलट बाजूचे म्हणणे असे की, शिवाजीमहाराज हे राष्ट्रपुरुष आहेत, त्यांचा उत्सव राष्ट्रीय आहे, व राष्ट्रीय उत्सवास गावातील कोणताही रस्ता वर्ज्य असू शकत नाही. ‘राष्ट्रीय’ या विशेषणाने येथे मोठे काम केले. धार्मिक मिरवणुकीशी दुसऱ्या धर्माच्या लोकांना वाटाघाटी करता येतात. राष्ट्रीय मिरवणुकीशी वाटाघाट करणारा आपोआप राष्ट्राचा विरोधक ठरतो. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या संघटनेचे नावही राष्ट्रीय उत्सव मंडळ असे होते. मुसलमानांच्या बाजूसही मजलिस तामीर-ए-मिल्लतसारख्या संघटनांनी आपली भाषा याच सुमारास तीव्र केली. येथे मिल्लत म्हणजे धर्मसमाज, व तामीर म्हणजे बांधणी. दोन्ही बाजूंच्या नावांत गावाचा उल्लेख नाही.

७ मे १९७० म्हणजे वैशाख शुद्ध द्वितीया. तिथीप्रमाणे साजऱ्या होणाऱ्या शिवजयंतीच्या त्या मिरवणुकीत आसपासच्या खेड्यांतून हजारो लोक आले होते व पुष्कळांच्या हाती भगवे ध्वज लावलेल्या लाठ्या होत्या. आधी प्रशासनाने दोन्ही बाजूंच्या बैठका घेतल्या होत्या. त्या दिवशी जे घडले त्याने गाव उद्ध्वस्त झाले. खोणी व नागाव येथे दंगल पसरली, आणि दुसऱ्या दिवशी जळगावात रक्तपात झाला. मृतांत मुसलमानांची संख्या फार मोठी होती. घरे व यंत्रमाग जाळण्यात आले.

१४ मे रोजी लोकसभेत जी चर्चा झाली तीत राजकीय मतभेदाचे स्वरूप स्पष्ट दिसते. जनसंघाचे नेते अटलबिहारी वाजपेयी यांनी मुसलमानांतील वाढता जातीयवाद हे मूळ कारण मानले व हिंदूंचा आक्रमकपणा ही त्याची प्रतिक्रिया असल्याचे प्रतिपादन केले. पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी या मांडणीस कठोर शब्दांत विरोध केला. क्रिया कोणती व प्रतिक्रिया कोणती हा वाद इतिहासाच्या अभ्यासकास परिचित आहे. आरंभबिंदू कोठे धरावयाचा यावर त्याचे उत्तर अवलंबून राहते, आणि आरंभबिंदू निवडणारा बहुधा आपल्या सोयीने निवडतो.

मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती दिनशा मादन यांच्या चौकशी आयोगाने मात्र सोयीचा आरंभबिंदू स्वीकारला नाही. १९७५ मध्ये सादर झालेला त्यांचा अहवाल अनेक खंडांचा असून, महाराष्ट्रातील सामाजिक इतिहासाच्या विद्यार्थ्याने तो समग्र वाचावयास हवा. दोन्ही धर्मांच्या जातीय संघटनांनी वातावरण कसे तापविले हे त्यांनी दाखविले. परंतु दंगलीचे तात्कालिक कारण म्हणून मिरवणुकीतील लोकांनी मुसलमानांना चिथविण्यासाठी केलेल्या हेतुपुरस्सर वर्तनावर त्यांनी बोट ठेवले, आणि पोलिसांच्या तपासातील पक्षपातही निःसंदिग्ध शब्दांत नमूद केला. अहवालाचे बळ त्याच्या बारकाव्यांत आहे. कोणती घोषणा कोठे दिली गेली, मिरवणूक कोणत्या ठिकाणी किती रेंगाळली, अशा प्रश्नांची तपासणी त्यात आहे. ज्यास पुढारी धर्मस्वातंत्र्य म्हणत होते त्याची मोजणी आयोगाने पावलांत व मिनिटांत केली असे म्हटल्यास वावगे होणार नाही. अहवालावर पुरेशी कारवाई झाली नाही, ही खंत अभ्यासक आजही व्यक्त करतात.

१९७० नंतर भिवंडीत ही मिरवणूक बंद राहिली व १९८४ मध्ये तीस पुन्हा परवानगी मिळाली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात मुंबई, ठाणे व भिवंडी येथे भयंकर दंगल झाली. या वेळेचे कारण मिरवणुकीचा मार्ग एवढेच नव्हते. राजकीय भाषणे, झेंडे व अफवा यांनी ठिणगी टाकली. त्या घटनांचा तपशील येथे अप्रस्तुत आहे.

अधिक विचारार्ह आहे ते त्यानंतरचे मौन. १९८८ पासून भिवंडीत पोलिस उपायुक्त असलेले सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या स्थापन केल्या. सुमारे सत्तर समित्यांत दोन्ही धर्मांचे सामान्य रहिवासी व त्या भागाचे पोलिस एकत्र बसत. नळाचे पाणी, भाडेकरूंचे तंटे, गटारे असे विषय तेथे चर्चेस येत. सणाच्या आधी मार्ग व वेळही तेथेच ठरे. डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली असता भिवंडी शांत राहिली. या समित्यांनी वहिवाटच नव्या रूपात पुन्हा आणली असे मत मांडता येते. फरक इतकाच की पूर्वीची वहिवाट दंडाधिकाऱ्याच्या दप्तरात नोंदलेली असे व ती जुनी असावी लागे. ही वहिवाट दर आठवड्याला तोंडी तयार होत होती. तिचे यश एका अधिकाऱ्याच्या चिकाटीवर कितपत अवलंबून होते, हा प्रश्न उरतोच.

जुलै २००६ मधील घटनेने या प्रश्नास विपरीत उत्तर मिळाले. कोटरगेट मशिदीजवळ पोलिस ठाण्याची इमारत उभारण्यास मुसलमानांनी विरोध केला. ती जागा कबरस्तानाची आहे असा त्यांचा दावा होता, तर प्रशासनाच्या मते जागा सरकारी होती. ५ जुलै रोजी पोलिस गोळीबारात दोन जण मृत्युमुखी पडले व त्या रात्री जमावाने दोन पोलिस शिपायांना ठार मारले. येथे बांधकामास विरोध करणारे व बांधणारे यांच्या जागा बदललेल्या आहेत. इतरत्र नव्या मशिदीस हरकत घेताना जी भाषा वापरली जाते, जागेची मालकी, जुना वापर, परिसराचे स्वरूप, तीच भाषा येथे सरकारी इमारतीविरुद्ध वापरली गेली. वहिवाटीचा शब्द कोणा एका धर्माचा नाही याचा हा पुरावा होय, जरी तो अत्यंत दुःखद मार्गाने मिळालेला असला तरी.

न्यायालयीन विचार या अवधीत वास्तूकडे वळला होता. १९९४ च्या इस्माईल फारुकी निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने मशीद ही इस्लामच्या आचरणाचा आवश्यक भाग नाही, नमाज कोठेही, उघड्यावरही, पढता येते असे मत नोंदविले. विधानात एक भाषिक विसंगती आहे. माथा टेकण्याची जागा या मूळ अर्थाने पाहिले तर जेथे नमाज पढली जाते ती जागा मशीदच ठरते, आणि ‘मशिदीशिवाय नमाज’ हा शब्दप्रयोग स्वतःचेच खंडन करतो. न्यायालयास अर्थातच इमारत अभिप्रेत होती, व भूसंपादनाचा प्रश्न समोर असता ते स्वाभाविक होते. परंतु संदर्भातून सुटलेले हे वाक्य पुढे मशिदींच्या बांधकामास विरोध करणाऱ्यांच्या तोंडी बसले. २०१८ मध्ये त्याचा फेरविचार मोठ्या पीठाकडे सोपविण्यास न्यायालयाने बहुमताने नकार दिला. दरम्यान सप्टेंबर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक जागेवर मंदिर, चर्च, मशीद वा गुरुद्वारा यांच्या नावाने अनधिकृत बांधकाम होऊ देऊ नये असा आदेश दिला होता, व महाराष्ट्रात त्यास अनुसरून जुन्या बांधकामांची वर्गवारी सुरू झाली. कायद्याने चारही धर्मस्थळांची नावे एका ओळीत ठेवली. राजकीय सभांतून मात्र त्यांपैकी सोयीचे एकच निवडले जाते.

एप्रिल २०२२ मध्ये राज ठाकरे यांनी मशिदींवरील ध्वनिवर्धक उतरविण्याची मागणी करून ३ मे ही मुदत दिली, आणि ती न पाळल्यास मशिदींसमोर हनुमान चालीसा लावण्याचे आवाहन केले, तेव्हा १८९४ चा प्रश्न उलट्या दिशेने परत आला. पूर्वी मिरवणुकीचा आवाज मशिदीत शिरत असे. आता मशिदीचा आवाज रस्त्यावर येतो ही तक्रार होती. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ध्वनिवर्धक हा कोणत्याही धर्माचा आवश्यक भाग नसल्याचे सांगून ध्वनिप्रदूषणाचे नियम सर्वांस सारखे लागू करण्याचे निर्देश दिले. डेसिबल हे माप या वादात नवे आहे. भिवंडीच्या गल्ल्यांत रात्रंदिवस चालणाऱ्या यंत्रमागांचा खडखडाट कोणत्याही अजानीहून वा ढोलाहून मोठा असतो, आणि त्याविरुद्ध दोन्ही धर्मांपैकी कोणीही कधी मिरवणूक काढलेली नाही.