सगळ्यांना उघडेल अशी पेटी



आम्ही हिंजवडीच्या बचत गटातल्या बाया बोलतोय. आमच्या गावाचं नाव काढलं की तुम्हाला काचेच्या उंच इमारती दिसत असतील. पण हे मूळचं मुळशी तालुक्यातलं म्हातोबाचं गाव. १९९०च्या दशकाच्या शेवटी एमआयडीसीचं आयटी पार्क इथं उभं राहू लागलं. त्याआधी इथं शेती होती. आता आमच्याकडे शेत कमी आणि कॉम्प्युटर जास्त झालेत, पण तेही एका जातीचे नाहीत. गटाचा जुना कॉम्प्युटर विंडोजचा, सचिवताईंच्या लेकीचा लॅपटॉप मॅकचा, एकीच्या मुलानं जुन्या मशीनवर लिनक्स घातलेलं, आणि बाकी सगळ्यांकडे मोबाइल.

गटाचा हिशेब पेनड्राइव्हवरून या घरून त्या घरी फिरायचा. मागच्या वर्षी कर्जाचे कागद तयार करताना दोन याद्या निघाल्या. एकीत आमच्या एका मैत्रिणीचे तीन हप्ते भरलेले, दुसरीत थकलेले. तिनं पैसे वेळेवर दिले होते. तरी चार बायांसमोर तिलाच खुलासा द्यावा लागला. तिच्या हातातलं कागदी पासबुक होतं म्हणून ती सुटली. त्या दिवशी ठरलं, हिशेब एकाच जागी ठेवायचा, आणि ती जागा सगळ्या मशीनना उघडली पाहिजे.

अशा जागेला नेटवर्क स्टोरेज म्हणतात. वायफायच्या राउटरला वायरनं जोडलेली एक छोटी पेटी, आत हार्ड डिस्क. आम्ही तिला सामाईक पेटी म्हणतो. ती निवडायच्या आधी आम्ही जरा मागं वळून पाहिलं, कारण दप्तर सांभाळायचा प्रश्न आपल्याकडे जुनाच आहे.

पुण्यात पेशवे दप्तर आहे. कापडात बांधलेले कागदांचे हजारो गठ्ठे, त्यांना रुमाल म्हणतात. गोविंद सखाराम सरदेसाईंनी त्यातले निवडक कागद १९३०च्या दशकात ४५ भागांत छापून आणले. पण मूळ कागद बहुतेक मोडी लिपीत आहेत. शाळांतून मोडी गेली आणि कागद जागेवर असूनही ते वाचणारी माणसं थोडी उरली. नुसतं जपून भागत नाही, पुढच्या माणसाला वाचताही आलं पाहिजे.

कॉम्प्युटरवरच्या मराठीचंही तेच झालं. पूर्वी एका फॉन्टमध्ये टाइप केलेलं पत्र दुसऱ्या मशीनवर उघडलं की भलतीच अक्षरं दिसायची. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ साली आली, तीत देवनागरी होती. तिचा वापर वाढला तसा हा त्रास कमी झाला. म्हणून आम्ही हिशेब युनिकोडमध्येच लिहितो.

मशीन-मशीनमधलं बोलणं हा पुढचा प्रश्न. सन कंपनीनं १९८४ साली एनएफएस नावाची पद्धत काढली, ती युनिक्सच्या मशीनसाठी. आयबीएममध्ये त्याच दशकात एसएमबी निघाली, ती पुढं मायक्रोसॉफ्टनं वाढवली. ॲपलची पद्धत आणखी वेगळी. एका वाड्यात तीन बिऱ्हाडं, आणि एकाची भाषा दुसऱ्याला कळेना!

१९९१-९२च्या सुमारास ऑस्ट्रेलियात कॅनबेरा इथं अँड्र्यू ट्रिजेल नावाचा विद्यार्थी होता. त्याला आपल्या साध्या पीसीवरून युनिक्स मशीनवरच्या फायली हव्या होत्या. दोन मशीन एकमेकांशी काय बोलतात ते त्यानं तारेवरून टिपलं, आणि तसंच बोलणारा प्रोग्राम लिहिला. त्यातूनच सांबा आला. तो कुणालाही फुकट वापरता येतो, आणि घरगुती पेट्यांपैकी बऱ्याच पेट्यांच्या पोटात आज तोच असतो. २०१३ साली ॲपलनंही आपल्या मशीनमध्ये एसएमबीला पहिली पसंती दिली.

म्हणून दुकानात आमचा पहिला प्रश्न होता, पेटी एसएमबी बोलते का? ती बोलत असेल तर विंडोज, मॅक, लिनक्स तिघांचं भागतं. मोबाइलला ॲप मिळतं. यात आणखी एक सोय आहे. विंडोजवर तयार केलेली सुटी हार्ड डिस्क मॅकला लावली तर बऱ्याचदा वाचता येते, लिहिता येत नाही. पेटीत ती अडचण नाही, कारण डिस्कवर लिहायचं काम पेटीच करते.

दुसरा प्रश्न, डिस्क बिघडली तर? १९८८ साली अमेरिकेत बर्कली विद्यापीठातल्या तिघांनी अनेक स्वस्त डिस्क एकत्र बांधायची रेड ही पद्धत मांडली. दोन डिस्कच्या पेटीत तीच नोंद दोन्हींवर उतरते. एक गेली तरी दुसरी असते. पण चुकून फाइल पुसली तर ती दोन्हींवरून पुसली जाते. आणि घरात पाणी शिरलं तर दोन्ही एकदमच भिजतात. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं, तेव्हा पुण्यातल्या कितीतरी घरांची कागदपत्रं एका दिवसात गेली. म्हणून आम्ही दर महिन्याला एक प्रत वेगळ्या डिस्कवर घेतो आणि ती दुसऱ्या वस्तीतल्या मैत्रिणीकडे ठेवतो.

तिसरा प्रश्न कुलपाचा. मे २०१७मध्ये वॉनाक्राय नावाच्या व्हायरसनं जगभरचे कॉम्प्युटर अडवले. तो एसएमबीच्या जुन्या आवृत्तीतल्या फटीतून शिरला. फट बुजवणारी सुधारणा मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिली होती, पण अनेकांनी ती घेतली नव्हती. म्हणून पेटी अशी घ्या, जिला कंपनीकडून सुधारणा मिळत राहतात. त्या वेळेवर घ्या आणि एसएमबीची पहिली आवृत्ती बंद ठेवा.

आम्ही दोन डिस्कची पेटी घेतली. लाइट जाते म्हणून जोडीला लहान यूपीएस घेतला. नियम एकच केला. लिहिणार दोघी, वाचणार सगळ्या. प्रत्येकीचा पासवर्ड वेगळा. कागदी पासबुक मात्र सोडलेलं नाही.

परवाच्या बैठकीत त्याच मैत्रिणीनं आपल्या मोबाइलवर पेटी उघडली आणि स्वतःचे हप्ते स्वतः मोठ्यानं वाचून दाखवले. या वेळी तिला कुणी काही विचारलं नाही.

तुमच्या गटाचं दप्तर कुठं आहे, आणि ते कुणाकुणाला उघडतं? येत्या बैठकीत एकदा विचारून बघा.