काउंटरच्या दोन्ही बाजूंनी
अमेरिकेतील वांशिक विषमता म्हटली की वाचकांना न्यायालये, शाळा, पोलीस ठाणी आठवतात. दुकान सहसा आठवत नाही. पण १ फेब्रुवारी १९६० रोजी ग्रीन्सबरोत चार कृष्णवर्णीय विद्यार्थी ठिय्या देऊन बसले, ते वूलवर्थच्या दुकानातच. इतर विभागांत त्यांचे पैसे चालत. खाण्याच्या काउंटरवर मात्र त्यांना काही मिळत नसे. त्याच्याही आधी, १९३०च्या दशकात, ‘जिथे नोकरी नाही तिथे खरेदी नाही’ अशी मोहीम शिकागो आणि हार्लेममध्ये चालली होती. ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेत गुलामांची मुक्तता करणाऱ्यांना १८७३ साली अर्पण करणाऱ्या जोतीरावांच्या वाचकाला हा विषय फार परका वाटू नये.

मे २०२० मध्ये मिनियापोलिसला जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीयाची पोलिसाच्या हातून हत्या झाली आणि बड्या कंपन्यांच्या निवेदनांचा पूर आला. वॉलमार्टने वांशिक न्यायासाठी पाच वर्षांत दहा कोटी डॉलर देण्याचे जाहीर केले. नवख्या अभ्यासकाने निवेदनांपासून सुरुवात करू नये, असे मला वाटते. ती सगळी सारखीच वाचली जातात. त्यापेक्षा दुकानात शिरावे. त्या वर्षापर्यंत वॉलमार्टच्या काही दुकानांत कृष्णवर्णीयांच्या केसांसाठीची तेले आणि क्रीम काचेच्या कपाटात कुलूपबंद असत. शेजारचा शाम्पू कुणीही उचलावा. या गिऱ्हाइकाने मात्र किल्लीवाल्याची वाट पाहावी. जून २०२० मध्ये कंपनीने ही पद्धत बंद केली. खर्च जवळपास शून्य, पण गिऱ्हाइकाला कसे वागवले जाते हे त्या कुलपाइतके स्पष्ट कुठलेच निवेदन सांगत नाही.

मग फळीकडे वळा. फॅशन डिझायनर ऑरोरा जेम्स यांच्या ‘फिफ्टीन पर्सेंट प्लेज’ या मोहिमेने दुकानदारांकडे फळीवरची पंधरा टक्के जागा कृष्णवर्णीयांच्या उद्योगांना मागितली, बड्या साखळ्यांत सौंदर्यप्रसाधनांची सेफोरा पहिली आली. इथे नुसते ब्रँड मोजून भागत नाही. दुसरी ऑर्डर आली का, बिल किती दिवसांनी चुकते झाले, हेही विचारावे लागते. मोठ्या ऑर्डरसाठी आधी पदरचे पैसे घालणारा छोटा उत्पादक उधारीतच बुडतो.

२०२४-२५ मध्ये वारे फिरले. वॉलमार्टने त्या दहा कोटींच्या निधीतून चालणाऱ्या आपल्या वांशिक न्याय केंद्राला मुदतवाढ नाकारली, टार्गेट या दुकानसाखळीने विविधतेची उद्दिष्टे गुंडाळली. कॉस्टको या साखळीच्या भागधारकांनी मात्र विविधता-समावेशन धोरणांविरोधातला ठराव ९८ टक्क्यांहून अधिक मतांनी फेटाळला. अशा काळात आकडेच अधिक कामाला येतात. शंभर वा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी कंपन्यांना वंश आणि पदनिहाय ‘ईईओ-१’ तक्ता सरकारला द्यावा लागत आला आहे. काहींनी तो स्वतःहून प्रसिद्धही केला. वाचकांनी एकच कंपनी निवडावी आणि तिचे काही वर्षांचे तक्ते शेजारी शेजारी ठेवावेत. तळाची बेरीज फसवी असते, कारण विक्रेत्यांची संख्या तिला फुगवते. तुम्ही मधल्या व्यवस्थापकांच्या ओळीवर थांबा: गल्ल्यावरची माणसे वर चढतात की नाही, ते तिथे दिसू लागते.