प्राडा : एका नावाचा इतिहास



माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण झाले ते वाचनालयात आणि कारखान्यांच्या गेटांवर. तेव्हा इटलीतील एका उंची फॅशनच्या पेढीविषयी मजसारख्या कामगार कार्यकर्त्याने बोलावे, याचे आपणांस नवल वाटणे साहजिक आहे. परंतु तीस वर्षे मजुरीचे दर ठरविताना एक प्रश्न सारखा माझ्यापुढे येत राहिला : वस्तूला मोल येते ते करणाऱ्याच्या हातामुळे, की तिच्यावरील नावामुळे? या प्रश्नाचा विचार करावयास प्राडासारखे दुसरे उदाहरण मला सापडले नाही.

१९१३ साली मारिओ प्राडा याने आपला भाऊ मार्टिनो याच्यासह मिलान शहरात चामड्याच्या सामानाचे दुकान काढले. जागा मोठी मोक्याची. काचेच्या उंच छताखालची, राजाच्याच नावाची बाजारपेठ. दूरच्या प्रवासाला निघणारे श्रीमंत लोक तेथे पेट्या आणि पिशव्या घेत. १९१९ साली ही पेढी इटलीच्या राजघराण्याची अधिकृत पुरवठादार झाली आणि सव्हॉय घराण्याचे राजचिन्ह व गाठी मारलेला दोर तिच्या नावाशी जोडला गेला. १९४६ साली इटलीच्या जनतेने मतदान करून राजेशाही मोडीत काढली. राजा गेला, चिन्ह मात्र पिशवीवर राहिले.

बायकांनी धंद्यात पडू नये, असे मारिओचे मत होते. परंतु मुलाला दुकानात रस नव्हता. अखेर मुलगी लुईसा हिनेच ते वीसएक वर्षे सांभाळले आणि १९७८ साली कारभार नात मिउच्चा हिच्या हाती आला. ही बाई समजून घेण्याजोगी आहे. तिने राज्यशास्त्रात डॉक्टरेट मिळविली होती, ती इटलीच्या कम्युनिस्ट पक्षाची सभासद होती आणि स्त्रियांच्या हक्कांच्या चळवळीत तिने भाग घेतला होता. अशी व्यक्ती श्रीमंतांच्या पिशव्या विकू लागली, याला कोणी ढोंग म्हणतील. मी तसे म्हणणार नाही. तिची नजर मात्र कोठे गेली ते पाहा.

१९८४ साली तिने पाठीवरची एक पिशवी काढली, ती काळ्या नायलॉनची. हे लष्करी उपयोगाचे कापड. टिकाऊ, हलके आणि उंची बाजारात कोणी न विचारणारे. प्रथम ती फारशी खपली नाही. पुढे नव्वदीच्या काळात तीच सर्वत्र मिरवू लागली. १९९६ च्या उन्हाळी कपड्यांसाठी तिने स्वयंपाकघरातले पडदे आणि टेबलांवरचा सनमायका यांवर शोभतील अशा नक्ष्या उचलल्या. टीकाकारांनी त्यास कुरूप म्हटले आणि गिऱ्हाइकांनी डोक्यावर घेतले. म्हणजे माल आला सैनिकाच्या पाठीवरून आणि सामान्य गृहिणीच्या घरातून. वर लागला तो आजोबांच्या पेट्यांवरचा त्रिकोणी बिल्ला.

हे नाव सर्वतोमुखी झाले ते सिनेमामुळे. 'द डेव्हिल वेअर्स प्राडा' ही कादंबरी २००३ साली निघाली आणि २००६ साली तिच्यावर चित्रपट झाला. गोष्ट प्राडा पेढीची नव्हेच. ती आहे न्यूयॉर्कच्या एका फॅशन मासिकाच्या करड्या संपादिकेची. मेरिल स्ट्रीपने ती भूमिका केली. त्यात एक प्रसंग आहे. नव्या मदतनीस मुलीला कपड्यांची ही चर्चा पोरखेळ वाटते. तेव्हा संपादिका तिला सुनावते की, तुझ्या अंगावरच्या साध्या स्वेटरचा निळा रंगदेखील आमच्यासारख्यांनीच कधी काळी ठरविला आणि तो झिरपत झिरपत स्वस्त दुकानाच्या ढिगात आला. भाषण जोरदार आहे. पण ते अर्धेच खरे आहे. रंग वरून खाली येत असेल. परंतु तो वर कोठून गेला, हे तेथे कोणी विचारीत नाही.

या नावाची जादू आणखी कोठवर गेली? २००५ साली दोन कलावंतांनी टेक्सासच्या उजाड माळावर प्राडाचे एक दुकान उभारले. त्यात खरी पायताणे व पिशव्या मांडल्या. विक्री मात्र कधीच होणार नव्हती. तरी तेथेही लवकरच चोरी झाली!

आता आपल्या दाराशी येतो. जून २०२५ मध्ये मिलानला प्राडाने पुरुषांचे नवे कपडे दाखविले. तरुणांच्या पायांत होती ती उघडी, अंगठ्याची चामडी पायताणे. आपल्याकडील लोकांनी ती पाहताक्षणीच ओळखली. कोल्हापूरचा उल्लेख मात्र कोठे नव्हता. या चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे, महाराष्ट्रातील चार आणि कर्नाटकातील चार जिल्ह्यांसाठी. ओरड झाली तेव्हा पेढीने आपली प्रेरणा भारतीय असल्याचे मान्य केले. जुलैत तिची माणसे कोल्हापुरास येऊन गेली. डिसेंबर २०२५ मध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला : २,००० जोड येथे करवून घ्यावयाचे आणि जोडीला सुमारे ८०० युरो दराने जगभर विकावयाचे.

मी ते चित्र वर्तमानपत्रात पाहिले तेव्हा मला आईची बोटे आठवली. आमच्या घरी पुरुषमाणसे तळ कापीत, वादीने शिवीत; वेणी घालावयाची ती आई. जोडीमागे मजुरी ठरलेली होती. तिचे नाव कोणत्याही जोडावर कधी पडले नाही, आणि पडावे असे तिलाही कधी वाटले नाही.

म्हणून या करारावर मी रागावलो नाही आणि हुरळलोही नाही. गावाचे नाव मान्य झाले, ही जमेची बाजू आहे. परंतु गेटावर बसणाऱ्या माणसाची सवय अशी की, कराराचा कागद हाती आला म्हणजे तो आधी दराचा रकाना शोधतो. त्या ८०० युरोंतून तळ कापणाऱ्यास किती, वेणी घालणारीस किती, एवढे जाहीर व्हावे. हा प्रश्न मिलानला विचारावा, तसा आपल्या पेठेतल्या दुकानदारासही विचारावा. कारण तो पन्नास वर्षे आपणही विचारला नाही.